श्वासाच्या जागी वाजणारा ट्रॉम्बोन

ट्रंपेटवाल्याला श्वास घ्यावाच लागतो. दर दोन-चार बारांनी (एक बार म्हणजे चार ठोके) ओळ संपते, ओठ माउथपीसवर क्षणभर सैल पडतात आणि चालीत एक-दीड ठोक्याची जागा रिकामी राहते. न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या धाटणीच्या छोट्या जॅझ बँडमध्ये ही जागा ट्रॉम्बोनची, म्हणजे सरकत्या नळीच्या पितळी वाद्याची. एडवर्ड ऊर्फ किड ऑरी याने वाजवण्याची सगळी वर्षं याच जागेत काढली. त्या जागेत किती काय मावतं, हे त्याच्या उतारवयातल्या रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यात स्वच्छ ऐकू येतं.

ऑरीचं नाव बहुतेकांना लुई आर्मस्ट्राँगच्या हॉट फाइव्ह या पाचजणांच्या बँडमुळे ठाऊक असतं. १९२५ ते १९२७मधल्या त्या तबकड्या जॅझच्या इतिहासात फार वरच्या जागी आहेत आणि त्याबद्दल वाद घालायचं कारण नाही. पण ऑरी समजून घ्यायचा असेल तर सुरुवात तिथून करू नये. हॉट फाइव्हमध्ये ट्रंपेट (आधी कॉर्नेट), क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन, पियानो आणि बँजो एवढीच वाद्यं होती. ड्रम नव्हते, बास नव्हता. त्यामुळे खालचा सगळा भार पियानोच्या डाव्या हातावर आणि ऑरीवर यायचा. तो तिथे निम्मा वेळ बासवाल्याचं काम करतो. त्यात शेजारी आर्मस्ट्राँग, म्हणजे कान दुसरीकडे जायलाच तयार नाही. १९४४ ते १९५५ या काळातल्या त्याच्या स्वतःच्या क्रिओल जॅझ बँडमध्ये बास आहे, गिटार आहे, ड्रम आहेत. खालची जमीन दुसऱ्यांनी धरून ठेवली आहे आणि ऑरी त्याचं मूळचं काम करायला मोकळा आहे.

हे मूळचं काम काय, ते आधी पाहू. पुढच्या फळीत तीन वाद्यं असतात. ट्रंपेट चाल वाजवतं, साधी, ठसठशीत, ओळखू येईल अशी. क्लॅरिनेट त्या चालीच्या वरून आणि आजूबाजूने भराभर नक्षी काढत जातं. ट्रॉम्बोन खालून चालतो. तिघं एकाच वेळी वाजवतात, कुणाचं काही लिहिलेलं नसतं, तरी एकमेकांच्या पायात पाय येत नाहीत. हे जमतं कारण प्रत्येकाची उंची आणि प्रत्येकाचा वेग वेगळा ठरलेला असतो. क्लॅरिनेटच्या चार-आठ स्वरांमागे ट्रंपेटचे दोन आणि ट्रॉम्बोनचा एक, असा ढोबळ हिशेब धरा. ट्रॉम्बोनवाला चार स्वर वाजवायला लागला की सगळं गढूळ होतं. जुन्या जॅझची नक्कल करणाऱ्या बँडमध्ये सगळ्यात जास्त वेळा बिघडतं ते इथेच.

पोवाड्यात शाहिराची ओळ संपते तिथे झिलकरी ‘जी जी रं जी’ करत ती उचलून धरतात आणि शाहिराला दम घ्यायला फुरसत मिळते. ऑरीचं काम त्याच जातीचं. फरक एवढाच, की झिलकरी संपलेली ओळ उचलतात आणि ऑरी येणाऱ्या ओळीकडे हात करतो. कॉर्ड (चालीखाली एकत्र वाजणारा स्वरांचा गट) बदलायच्या आधीच्या दोन ठोक्यांत तो निघतो आणि नवी कॉर्ड सुरू होते त्या पहिल्या ठोक्यावर पोचतो. पुष्कळदा त्यासाठी त्याला दोनच स्वर लागतात. समजा चाल एफमध्ये आहे, म्हणजे एफ हा षड्ज. पंचमावरची सेव्हन्थ कॉर्ड (चार स्वरांची) संपून षड्जाची कॉर्ड यायची आहे. सेव्हन्थ कॉर्डमधला मध्यम म्हणजे बी फ्लॅट, आणि षड्जाच्या कॉर्डमधला गंधार म्हणजे ए. बी फ्लॅट ट्रॉम्बोनच्या स्लाइडच्या, म्हणजे सरकत्या नळीच्या, पहिल्या पोझिशनवर (टप्प्यावर) मिळतो, ए दुसरीवर. स्लाइड सुमारे ८ सेंटिमीटर पुढे जाते, मध्यमाचा गंधार होतो आणि ऐकणाऱ्याला घरी आल्यासारखं वाटतं. ट्रंपेट तेव्हा श्वास घेत असतं.

स्लाइडबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ऑरीवरची बरीचशी टीका, म्हणजे तो फार साधं आणि तुटक वाजवतो ही, तिथूनच येते. ट्रॉम्बोनची नळी स्लाइड बंद असताना सुमारे २.७ मीटर लांब असते. स्लाइड न हलवता नुसते ओठ आवळत गेलं तर षड्ज, पंचम, वरचा षड्ज, गंधार, पंचम असे स्वर निघतात. मधले स्वर काढायला नळी लांब करायची, म्हणजे स्लाइड पुढे ढकलायची. अशा ७ पोझिशन असतात आणि प्रत्येक पोझिशनला स्वर अर्ध्या पट्टीने उतरतो. पोझिशनमधलं अंतर सारखं नसतं. पहिलीपासून दुसरीपर्यंत सुमारे ८ सेंटिमीटर, तर सहावीपासून सातवीपर्यंत जवळजवळ ११. स्लाइडवर खुणा नसतात, फ्रेट नसतात. हात आणि कान, बस्स.

आता मींड. ट्रॉम्बोनवर अखंड मींड घ्यायची तर ओठांची पकड तीच ठेवून फक्त स्लाइड ओढायची. म्हणजे एका ओढीत जास्तीत जास्त ६ अर्धे स्वर मिळतात, त्याच्यापुढे नाही. त्यापेक्षा लांब घ्यायची तर मध्येच ओठ बदलावे लागतात आणि मींड तुटते. यातून एक गंमत होते. एफमध्ये खालचा पंचम सी हा सहाव्या पोझिशनवर आहे आणि षड्ज एफ पहिल्या पोझिशनवर, दोन्ही ओठांच्या एकाच पकडीत. म्हणजे पंचमावरून षड्जावर सुमारे ४५ सेंटिमीटरची सलग ओढ घेता येते. बी फ्लॅटमध्येही तसंच. ऑरीची ती प्रसिद्ध घसरत वर येणारी हाक, जिला न्यू ऑर्लिन्समध्ये स्मिअर म्हणतात, ती बहुधा हीच असते.

पण चाल ए फ्लॅटमध्ये असली की हे जमत नाही. तिथे पंचम ई फ्लॅट आणि षड्ज ए फ्लॅट दोन्ही तिसऱ्याच पोझिशनवर येतात, फक्त ओठांची पकड वेगळी. स्लाइड हलवायला जागाच नाही. षड्जावर घसरत यायचं तर धैवतावरून, म्हणजे सहाव्या पोझिशनवरच्या एफपासून निघावं लागतं, आणि ओढ आखूड होते. ऑरीची ‘मस्क्रॅट रॅम्बल’ ही रचना सहसा ए फ्लॅटमध्येच वाजवतात. त्यातल्या त्याच्या हाका तुटक आणि ठोक्यावर आपटणाऱ्या का वाटतात, याचं बरंचसं उत्तर वाद्याच्या या बांधणीत आहे. कुणाला तो साधेपणा वाटतो, मला ती वाद्याची नेमकी ओळख वाटते. जे स्लाइडला सहज येतं तेच तो मागतो, आणि तेही ठरलेल्या वेळेला.

मींड बिघडते कुठे? एक, निघायला उशीर होतो आणि मग स्लाइड धाडकन बंद करावी लागते. पहिल्या पोझिशनवर ती आतल्या टोकाला आपटली की धक्का थेट ओठांना बसतो आणि पोचलेला स्वर फाटतो. दोन, फार लवकर निघून वाजवणारा अर्धा ठोका आधीच पोचतो आणि तिथे ताटकळतो. मग ती हाक राहत नाही, नुसता भोंगा होतो. तीन, सुरुवातीलाच सगळी फुंक खर्च होते. ऑरीचं उलटं आहे. तो दबक्या आवाजात निघतो, ओढीसोबत फुंक वाढवत नेतो, आणि सगळ्यात मोठा आवाज पोचण्याच्या ठोक्यावर येतो. मिनिटाला २०० ठोक्यांच्या लयीत दोन ठोके म्हणजे सेकंदाचे सहा दशांश. तेवढ्यात हे सगळं बसवायचं असतं.

या वादनाला टेलगेट म्हणतात. नाच असला की बँड घोडागाडीवर बसून गावभर जाहिरात करत फिरायचा. ट्रॉम्बोनवाल्याला गाडीच्या मागच्या फळीशी, म्हणजे टेलगेटपाशी, बसवत, म्हणजे स्लाइड मोकळ्या हवेत जाईल आणि कुणाच्या पाठीत लागणार नाही. ऑरी याच काळातला. जन्म २५ डिसेंबर १८८६, लुइझियानातल्या लाप्लासजवळच्या वुडलँड या उसाच्या मळ्यावर. घरची भाषा क्रिओल फ्रेंच. १९१०च्या पुढच्या दशकात न्यू ऑर्लिन्समध्ये त्याच्या बँडमध्ये किंग ऑलिव्हर वाजवून गेला, जॉनी डॉड्स गेला, जिमी नून गेला, कोवळा आर्मस्ट्राँगही गेला. १९१९ला तो लॉस एंजेलिसला आला आणि १९२२मध्ये तिथे त्याच्या बँडने केलेल्या तबकड्या या न्यू ऑर्लिन्सच्या कृष्णवर्णीय जॅझ बँडच्या पहिल्या तबकड्यांमध्ये मोजल्या जातात. पुढे शिकागो, हॉट फाइव्ह, पियानोवाला जेली रोल मॉर्टन. मग मंदी आली, लिहिलेलं वाजवणाऱ्या मोठ्या ऑर्केस्ट्रांचा काळ आला. १९३३च्या सुमारास ऑरीने ट्रॉम्बोन खाली ठेवला. भावाबरोबर कोंबड्या पाळल्या, रेल्वेच्या टपालखात्यात काम केलं.

आठ-नऊ वर्षं फुंक बंद म्हणजे काय, हे पितळी वाद्य वाजवणाऱ्यालाच कळेल. बोटांची सवय थोडीफार परतते. ओठांच्या कडेचे स्नायू मात्र काही आठवड्यांतच सैल पडतात आणि पुन्हा बांधायला महिनोन्‌महिने लांब स्वर धरून बसावं लागतं. सगळ्यात आधी जातात ते वरचे स्वर आणि परत येतात तेही सगळ्यात शेवटी. १९४२च्या सुमारास ऑरी परतला तेव्हा पंचावन्न ओलांडून गेलेला होता. ज्याची शैली वरच्या स्वरांवर आणि वेगावर उभी आहे अशा ट्रॉम्बोनवाल्याला या वयात एवढ्या खंडानंतर परत येणं फार अवघड गेलं असतं. ऑरीची शैली मधल्या आणि खालच्या पट्टीतली, थोड्या स्वरांची, जागेवर पडण्याची. वयाने जे नेलं त्याची त्याला फारशी गरजच नव्हती.

मार्च १९४४मध्ये अभिनेता-दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या रेडिओ कार्यक्रमासाठी न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या मंडळींचा बँड जमवला गेला. ट्रंपेटवर मट कॅरी, क्लॅरिनेटवर जिमी नून, गिटारवर बड स्कॉट, पियानोवर बस्टर विल्सन, बासवर एड गारलँड, ड्रमवर झटी सिंगलटन आणि ट्रॉम्बोनवर ऑरी. श्रोत्यांना ते इतकं आवडलं की बँड दर आठवड्याला येऊ लागला. १९ एप्रिलला, कार्यक्रमाच्याच दिवशी, नून वारला. त्या दिवशी बँडने त्याच्यासाठी ब्लूज वाजवला. पुढे ३ ऑगस्टला तो ‘ब्लूज फॉर जिमी’ या नावाने रेकॉर्ड झाला, क्लॅरिनेटवर ओमर सिमियन. तबकडी होती क्रेसेंट कंपनीची. ती कंपनी नेसुही एर्तेगुन या तुर्की राजदूताच्या मुलाने या बँडसाठीच काढली होती. ब्लूजची लय संथ, त्यामुळे ऑरीचं काम भिंगाखाली धरल्यासारखं दिसतं. बारा बारांच्या आवर्तनात कॉर्ड बदलते तिथे तिथे तो आधीच पोचलेला असतो आणि मधल्या वेळात गप्प राहतो.

क्रेसेंटच्या १९४५मधल्या तबकड्यांमध्ये ‘ऑरीज क्रिओल ट्रॉम्बोन’ आहे. हीच रचना त्याने १९२२मध्ये स्वतःच्या बँडबरोबर आणि सप्टेंबर १९२७मध्ये हॉट फाइव्हबरोबर वाजवली होती. तिन्ही एकामागून एक ऐकण्यासारख्या आहेत. रचनेत जागोजागी बँड थांबतो आणि ट्रॉम्बोन एकटाच दोन बार वाजवतो. १९२२ची तबकडी मायक्रोफोनच्या आधीची. भोंग्यासमोर वाजवायचं आणि सुईने थेट मेणात कोरायचं. त्या पद्धतीत बास जवळजवळ नाहीसा व्हायचा, म्हणून तिथे ट्रॉम्बोन अधांतरी वाटतो. १९४५मध्ये त्याच जागा, बरेचसे तेच स्वर, पण खाली गारलँडचा बास आहे आणि त्यामुळे प्रत्येक हाक कुठून सुटली आणि कुठे टेकली ते कळतं. गारलँड १९२२च्या बँडमध्येही होता, कॅरीही होता. म्हणजे तीच माणसं २३ वर्षांनी, ऐकू येतील अशा यंत्रासमोर बसलेली.

स्वर तेच, हा ऑरीवरचा दुसरा आक्षेप. तो दर वेळी नवीन काही वाजवत नाही, त्याचा भाग ठरलेला असतो. खरं आहे. पण तिघं एकदम वाजवत असताना एकाने तरी आपली जागा सोडायची नाही, असं ठरवावं लागतं. क्लॅरिनेटवाला रोज वेगळ्या वाटेने जाऊ शकतो, कारण ट्रॉम्बोन कुठे भेटणार हे त्याला माहीत असतं. तबलजीने ठेका पक्का धरला म्हणून गायकाला मोकळं सुटता येतं, हे आपल्या मैफलीत बसणाऱ्याला वेगळं समजावून सांगायला नको.

गोव्याच्या चर्चच्या शाळांत नोटेशन शिकून मुंबईला आलेले वादक याच काळात हॉटेलांच्या स्विंग बँडमध्ये आणि नंतर सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात ट्रॉम्बोन वाजवत होते. ते काम वेगळ्या घराण्याचं. तिथे ट्रॉम्बोनवाले रांगेत बसून लिहिलेले स्वर एकत्र वाजवतात. हिंदी सिनेमाच्या गाण्यांतून ट्रॉम्बोन ओळखीचा झालेल्या कानाला ऑरी सुरुवातीला ओबडधोबड वाटू शकतो. एकट्याने, कागदाशिवाय, दोघांच्या मधून वाट काढण्याचं काम आहे हे लक्षात आलं की कान बदलतो.

१९४८मध्ये कॅरी वारला, १९४९मध्ये स्कॉट आणि विल्सन वारले. बँड पुन्हा बांधावा लागला. त्यातून १९५४चा बँड उभा राहिला आणि लेस्टर कोनिगच्या गुड टाइम जॅझ कंपनीने तो रेकॉर्ड केला. ट्रंपेटवर न्यू ऑर्लिन्सहून आलेला ॲल्विन अल्कॉर्न, क्लॅरिनेटवर ऑरीपेक्षा चाळीस वर्षांनी लहान जॉर्ज प्रोबर्ट, पियानोवर मॉर्टनच्या वळणाचा डॉन युएल, गिटारवर बिल न्यूमन, बासवर तोच गारलँड आणि ड्रमवर मायनर हॉल. ऑरी ६७ वर्षांचा. तोवर लाँगप्ले आलेली होती. त्याआधीच्या १० इंची तबकडीच्या एका बाजूला तीनेक मिनिटं बसायची, त्यामुळे १९४४-४५मध्ये सगळं आटोपतं घ्यावं लागलं होतं. आता चाल पाच-सहा मिनिटं चालू शकत होती, म्हणजे नाचाच्या हॉलमध्ये चालायची तशी.

अल्कॉर्न या बँडला फार शोभून दिसतो. तो आवाज चढवत नाही, ओळी आखूड ठेवतो, ओळींमध्ये जागा सोडतो. जागा सोडणारा ट्रंपेटवाला मिळाला की ऑरीचं वाजवणं फुलतं. गिटारचाही वाटा आहे. जुन्या जॅझचं नाव घेतलं की लोक बँजो आणतात, पण बँजोचा आवाज टणत्कारी आणि नेमका ट्रॉम्बोनच्या सुरुवातीच्या ठोक्यावर बसणारा. गिटार चारही ठोके सारखे, मऊ आणि खाली ठेवते आणि ट्रॉम्बोनच्या स्वराची सुरुवात उघडी राहते. ऑरीने १९४४पासून गिटारच पसंत केली.

मायनर हॉलबद्दल वेगळं लिहायला हवं इतका तो महत्त्वाचा. झांजेवर टिकटिक न करता तो स्नेअर ड्रमवर काड्या दाबून घरघर काढतो, आणि तिचा जोर दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर टाकतो. ऑरीची हाक बहुधा तिसऱ्या ठोक्याच्या आसपास निघते आणि पहिल्यावर पोचते. मधल्या चौथ्या ठोक्यावर हॉलची घरघर येते. दोघांनी मिळून बँडला पुढच्या बारमध्ये ढकलल्यासारखं होतं. शेवटच्या आवर्तनांत आवाज वाढतो तेव्हा लय धावत नाही याचं श्रेय मोठ्या प्रमाणात हॉलला.

१९५७नंतरच्या व्हर्व्ह कंपनीच्या तबकड्या मला तितक्या जवळच्या वाटत नाहीत. वादक उत्तम आहेत, १९५९मध्ये ट्रंपेटवर रेड ॲलनसारखा मोठा माणूस आहे. पण एकामागून एक सोलो (एकेकट्याचं वादन) येतात आणि तिघांनी एकदम वाजवायचा भाग दोन्ही टोकांना आकसतो. सोलोत ऑरी बरा वाजवतो, इतकंच. त्याचं मोठेपण दुसरा कुणी वाजवत असतानाच ऐकू येतं. पुढे तो होनोलुलूला राहायला गेला आणि २३ जानेवारी १९७३ला तिथेच वारला.

१९५४चा बँड ऐकायला घ्याल तर एकच चाल तीनदा लावा. पहिल्यांदा फक्त ट्रंपेट ऐका आणि ते कुठे कुठे श्वास घेतं ते ध्यानात ठेवा. दुसऱ्यांदा गारलँडचा बास, म्हणजे कॉर्ड कुठे बदलते ते कळेल. तिसऱ्यांदा ट्रॉम्बोन. शक्यतो हेडफोन वापरा, कारण छोट्या स्पीकरवर बास आणि ट्रॉम्बोनचे खालचे स्वर एकमेकांत मिसळून जातात. चाल संपली असं वाटतं तिथे घाई करून बंद करू नका. या बँडमध्ये पुष्कळदा सगळे थांबतात, ड्रमवाला एकटा चार बार वाजवतो आणि मग शेवटची ओळ पुन्हा येते. ड्रमचा चौथा बार संपत आला की कान खालच्या बाजूला लावा. ट्रंपेट अजून छातीत हवा भरत असतं, आणि ऑरी निघालेला असतो.